समता आहे, मग तो फोन का होत नाही?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड असलेले ३८ वर्षांचे एक वाचक लिहितात. दीड वर्षापूर्वी एका शुक्रवारी रात्री रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती क्लायंटकडे सुरू करायची होती. वेळ कमी होता, म्हणून डेटाबेसची स्क्रिप्ट चाचणीच्या सर्व्हरवर न चालवता थेट चालव, असं त्यांनीच टीममधल्या कंत्राटी मुलाला फोनवर सांगितलं. 'पुढे जा, मी बघतो,' हे त्यांचे शब्द. स्क्रिप्ट फसली आणि क्लायंटचे व्यवहार काही तास अडकले. सोमवारच्या बैठकीत 'ही कोणी चालवली?' असं विचारलं गेलं, मुलाचं नाव आलं आणि हे गप्प बसले. अहवालातही तेच नाव राहिलं. दीड महिन्याने मुलाचं कंत्राट संपलं, पुढे वाढवलं गेलं नाही. नंतर या वाचकांनी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. आता रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसतात. तो प्रसंग आठवला की छातीवर दाब येतो, ते तो तटस्थपणे बघतात, दाब विरतो आणि दोन दिवसांनी परत येतो. शिबिरात ओळख झालेले एक स्नेही म्हणतात, 'ते त्याच्या कर्मात होतं, तू समता ठेव.' पत्नी म्हणते, जुनं उकरू नका, घराचे हप्ते चालू आहेत. वाचक विचारतात : माझी समता कमी पडते आहे का? आणखी एक शिबिर करू, की त्या मुलाशी बोलू?

सप्रेम नमस्कार.

तुमची साधना कमी पडलेली नाही. ती जे करण्यासाठी आहे ते ती नीट करते आहे. आठवण येते, तिच्यासोबत शरीरावर संवेदना उठते, तुम्ही तिला ढकलत नाही आणि कवटाळतही नाही, ती विरते. संवेदनेतून (पालीत 'वेदना') तृष्णा, म्हणजे हाव, उपजते त्या जागी थांबायला तुम्ही शिकलात, ही मोठी कमाई आहे. पण दाब विरल्याने अहवालातलं नाव बदलत नाही. तो दाब परत येतो, कारण ज्या गोष्टीमुळे तो येतो ती तुमच्या शरीराबाहेर, एका फाईलमध्ये आणि एका तरुणाच्या आयुष्यात, जशीच्या तशी आहे. एक तासाऐवजी दोन तास बसलात तरी ती तशीच राहील.

शिबिराची पहिली संध्याकाळ आठवा. आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवणं, शिकवण्याआधी सगळ्यांकडून पंचशील, म्हणजे सदाचाराचे पाच नियम, घेतले जातात. शील (सदाचार), समाधी (एकाग्रता), प्रज्ञा (शहाणपण) असा तो क्रम आहे आणि त्यातली पहिली पायरी बाकीच्या दोघींना आधार देते. तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर मेहनत करता आहात, पण अडचण पहिल्या पायरीवर आहे. म्हणून आणखी एका शिबिराचं उत्तर सोपं आहे : शिबिर चांगलंच, पण या कामासाठी ते नाही. ते आत्ता केलंत तर दहा दिवस फोन जमा असेल आणि त्या मुलाला फोन न करण्याचं उत्तम कारण तुम्हाला मिळेल.

'मी खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो,' असं तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, या गप्प बसण्याचा स्पष्ट विचार झालेला आहे. उपोसथाच्या, म्हणजे संघ ठरावीक तिथीला एकत्र जमतो त्या दिवशी भिक्खुसंघासमोर पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचे, नियम म्हटले जातात आणि 'या बाबतीत तुम्ही शुद्ध आहात का?' असं तीनदा विचारलं जातं. आपला दोष आठवत असूनही जो तेव्हा गप्प राहतो, त्याचं ते मौन जाणूनबुजून बोललेलं खोटं धरलं जातं. सोमवारच्या बैठकीत तुम्हाला प्रश्न ऐकू आला होता आणि उत्तर ठाऊक होतं. मुसावादापासून, म्हणजे खोटं बोलण्यापासून, दूर राहण्याचं शील तिथे मोडलं. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. काय मोडलं ते नेमकं ठाऊक नसेल, तर दुरुस्ती भलत्याच जागी होते.

आता तुमच्या स्नेह्यांच्या वाक्याकडे येऊ, कारण तुमच्यासारख्या अनेकांना हेच वाक्य अडकवून ठेवतं. 'त्याच्या कर्मात होतं' या म्हणण्याला बुद्धवचनाचा आधार नाही. अंगुत्तर निकायात (निकाय म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचे पाली संग्रह) कर्माची व्याख्याच दिली आहे : 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि', म्हणजे मनातला हेतू हेच कर्म. माणूस हेतू धरतो आणि मग काया, वाचा, मनाने कृती करतो. या व्याख्येने पाहिलं तर सोमवारच्या त्या खोलीत जे कर्म घडत होतं, ते तुमचं होतं. संयुक्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक (फिरता संन्यासी) विचारतो की, माणसाला जे सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं म्हणतात ते खरं का? बुद्ध आठ कारणं सांगतात : पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, स्वतःची हयगय, दुसऱ्याकडून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक, म्हणजे पूर्वकर्माचं फळ. सगळंच पूर्वकर्मावर टाकणारे प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असंही ते सांगतात. त्या मुलाच्या बाबतीत सातवं कारण इतकं ठळक असताना आठव्याकडे बोट दाखवणं हे प्रज्ञेचं लक्षण नव्हे.

महाराष्ट्रात तर आपल्याला हे विसरण्याची मुभाच नाही. बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी हाच मुद्दा धरला आहे. गरीब माणूस पूर्वजन्मीच्या कर्मामुळे गरीब आहे असं मानलं, की समाज आणि राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून सुटतात. समाजाला जे लागू, ते टीम लीडलाही लागू. तुमच्या स्नेह्यांचा हेतू तुम्हाला दिलासा देण्याचा असेल, पण तो दिलासा त्या मुलाच्या खर्चाने मिळतो आहे.

आचार्य बुद्धघोषांच्या विशुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचा (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा या चार भावनांपैकी प्रत्येकीचा) एक 'जवळचा शत्रू' सांगितला आहे, म्हणजे अगदी त्याच्यासारखा दिसणारा दोष. उपेक्खेचा, म्हणजे समतेचा, जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. दोन्हींत चेहरा शांतच असतो. फरक असा ओळखता येतो : खरी समता आली की अवघड काम करायला बळ येतं, आणि खोटी समता आली की ते काम करण्याची गरजच वाटेनाशी होते. तुमचा दाब परत परत येतो, यावरून तुम्ही त्या बेफिकिरीपर्यंत पोचलेला नाही, असं मला वाटतं. म्हणून त्या दाबाबद्दल मला काळजीपेक्षा आदर जास्त आहे.

पण तो दाब सगळाच भल्याचा आहे असंही नाही. अभिधम्मात, म्हणजे बौद्धांच्या मनाविषयीच्या शास्त्रात, दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे वाईट करण्याची लाज आणि त्याच्या परिणामांची भीती, या कुशल, म्हणजे हितकर, आहेत. जगाचं रक्षण करणारे दोन शुक्ल धर्म, असं त्यांना म्हटलं आहे. कुक्कुच्च, म्हणजे झालेलं उगाळत राहण्याची खंत, हे मात्र अकुशल. पाच नीवरणांपैकी, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांपैकी, एकात ते चंचलतेच्या जोडीने येतं आणि त्याची मुळं द्वेषात आहेत. तुमच्या मनात आत्ता दोन्ही मिसळलेलं आहे. दाब येईल तेव्हा विचाराच्या मध्यभागी कोण आहे ते बघा. 'मी असा कसा वागलो, मी वाईट माणूस आहे' अशी वाक्यं येत असतील, तर मध्यभागी तुम्ही आहात आणि ते कुक्कुच्च आहे. 'त्याला पुढची नोकरी मिळवताना काय सांगावं लागलं असेल?' हा विचार येत असेल, तर मध्यभागी तो आहे, आणि त्या विचारातून काम निघतं. संयुक्त निकायातल्या संख सुत्तात सांगितलेला मार्ग साधा आहे : केलं ते अयोग्य होतं हे मानायचं, खंत केल्याने ते न केल्यासारखं होणार नाही हेही मानायचं, ते पुन्हा करायचं नाही, आणि मग मैत्री, म्हणजे सर्वांचं भलं व्हावं ही भावना, सर्व दिशांना पसरवायची. यात मैत्री शेवटी येते, हे ध्यानात घ्या. रोजच्या बैठकीनंतर त्या मुलाला मंगल मैत्री देत असाल तर जरूर द्या, पण ती फोनच्या जागी नको.

तुमचा वाटा किती, हेही मोजायला हवं. वाटा कमी मोजणं जितकं चूक, तितकंच सगळं स्वतःवर ओढून घेणंही चूक. शुक्रवारी रात्री रिलीज ठेवणं, मागे परतण्याची तयारी नसताना स्क्रिप्ट चालवू देणारी व्यवस्था, कंत्राटी माणसाला दीड महिन्यात हलकेच बाहेर काढण्याची पद्धत, यातलं बरंच तुमच्या हातात नव्हतं. चाचणी गाळण्याचा निर्णय, फोनवरचा शब्द, सोमवारचं मौन आणि अहवालावर ते नाव राहू देणं, एवढं तुमचं. माफी एवढ्याचीच मागायची. सगळ्या व्यवस्थेचा दोष अंगावर घेतलात, तर समोरच्याला तो अभिनय वाटेल.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

आधी एक पान लिहा, टाईप न करता हाताने. तारीख, मला काय ठाऊक होतं, मी काय केलं, काय केलं नाही, त्याचं काय झालं. लिहून झालं की क्रियापदं तपासा. 'नाव राहून गेलं', 'निर्णय घेतला गेला', 'बोलायचं राहिलं' अशी वाक्यं सापडतील. ती 'मी नाव राहू दिलं', 'मी निर्णय घेतला', 'मी बोललो नाही' अशी करा. पहिल्या खर्ड्यात कारणांनी अर्धं पान भरतं. ती कारणं काढून टाका, खोटी म्हणून नव्हे, तर या पानाचं काम वेगळं आहे म्हणून. तथ्यं आठ-दहा ओळींत मावतात.

मग ते पान एका माणसाला वाचून दाखवा. मज्झिम निकायात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला, सांगतात की, काया-वाचेने केलेली चूक गुरूंपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करावी. हा माणूस तुमच्या कंपनीतला नसावा आणि तुम्हाला लगेच क्षमा करून टाकणारा तर अजिबात नसावा. 'जाऊ दे रे' म्हणणारे बरेच भेटतील. 'तिसऱ्या ओळीत तू अजून लपवतो आहेस' असं म्हणणारा शोधा.

सोबत्याचा उपयोग इथे संपत नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्ग या भागातली हकिकत आहे : मच्छिकासंडच्या चित्त गृहपतीचा सुधम्म नावाच्या भिक्खूने अपमान केला. चित्त गृहस्थ होता, तरी संघाने भिक्खूलाच त्याची क्षमा मागायला पाठवलं. सुधम्म तिथवर गेला, पण संकोचाने तोंड उघडेना आणि तसाच परतला. तेव्हा बुद्धांनी त्याच्यासोबत आणखी एक भिक्खू द्यायला सांगितलं. माफी मागताना माणूस नेमका कुठे मोडतो हे त्यांना ठाऊक होतं. तुम्हीही संदेश पाठवण्याचा दिवस आणि वेळ त्या सोबत्याला सांगून ठेवा आणि झाल्यावर त्याला कळवा.

संदेश लहान असू द्या. साधारण असा : 'नमस्कार. त्या शुक्रवारच्या रिलीजबद्दल बोलायचं आहे. चाचणी न करण्याचा निर्णय माझा होता आणि मी तो बैठकीत सांगितला नाही. त्याचा त्रास तुला झाला. तुझी इच्छा असेल तर तुझ्या सोयीने वीस मिनिटं बोलू. नको असेल तर उत्तर देऊ नकोस, मी पुन्हा विचारणार नाही.' सकाळी किंवा दुपारी पाठवा. रात्री अकराला पाठवलेला असा मेसेज समोरच्याची झोप घालवतो. हा मेसेज तो कुणालाही दाखवू शकतो, जुन्या कंपनीलासुद्धा. तो त्याचा हक्क आहे, हे मनाशी मान्य करूनच पाठवा. नंतर 'हे आपल्यातच ठेव' म्हणालात, तर सगळं मातीत जाईल.

त्याने बोलायचं ठरवलं तर तुम्ही पाच मिनिटं बोला आणि उरलेला वेळ ऐका. अशा भेटी बिघडतात त्या ठरावीक जागी. 'माझी चूक झाली, पण त्या दिवशी वरून दबाव होता' या वाक्यातला 'पण' आधीचं सगळं पुसून टाकतो. गेलं दीड वर्ष तुम्हाला किती त्रास झाला हे सांगितलंत, तर तुमचं सांत्वन करण्याचं काम त्याच्यावर येतं. साधनेबद्दल तर बोलूच नका. 'मला माफ केलंस ना?' हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर द्यायला तो बांधील नाही. तो चिडला, तर तीच वेळ इगतपुरीला शिकलेलं वापरण्याची : छातीवर काय होतं ते बघा आणि ऐकत राहा. शेवटी एकच प्रश्न विचारा, 'माझ्याकडून काय झालं तर तुला उपयोग होईल?' तुमच्या हातात काय आहे ते आधीच ठरवून जा : अहवालात दुरुस्ती, तुमच्या नावाने आणि सहीने शिफारसपत्र, नव्या ठिकाणी चौकशी झाली तर खरं सांगण्याची तयारी. पैशांचा विषय तुम्ही काढू नका. बिनपगारी महिन्यांबद्दल तो स्वतः बोलला तर मनापासून ऐका, जमेल तेवढं द्या आणि त्याला कुठलीही अट जोडू नका.

कंपनीला कधी सांगायचं, यावर लोक दोन टोकांचे सल्ले देतील. माझं मत : आधी तो मुलगा, मग कंपनी. त्याला न विचारता तुम्ही अहवाल उघडलात, तर त्याचं नाव पुन्हा चर्चेत येईल आणि ते त्याला नको असू शकेल. त्याची हरकत नसेल, तर वरिष्ठांना चार ओळींची ईमेल लिहा : निर्णय कोणाचा होता, तेव्हा काय सांगितलं नव्हतं, आणि अहवालाला ही पुरवणी जोडावी. याचा फटका बसू शकतो. रेटिंग जाईल, कदाचित बढती लांबेल, त्याहून वाईटही होऊ शकेल, आणि तसं होणार नाही असं आश्वासन मी देऊ शकत नाही. म्हणून पत्नीची काळजी रास्त आहे. घर तिचंही आहे, तेव्हा संदेश पाठवण्याआधी तिच्यापुढे हे पान ठेवा, हप्ते किती महिने निभावतील याचा हिशेब दोघांनी मिळून करा. मात्र तयारीला शेवटची तारीख असू द्या, एक महिना पुरे. तारीख नसलेली तयारी वर्षानुवर्षं चालते. आणि तिच्याकडे खरं बोलण्याची परवानगी मागू नका, तो भार तिच्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

तो काहीच बोलला नाही तर? मग तुमच्या शब्दाला जागा आणि पुन्हा संपर्क करू नका, मित्रामार्फतही नाही. अहवालाची दुरुस्ती तेव्हाही करता येते, त्याचं सध्याचं काम किंवा ठावठिकाणा यांचा उल्लेख न करता. क्षमा मिळाली नाही म्हणून तुमचं काम अपुरं राहत नाही. दीघ निकायात राजा अजातशत्रू आपला अपराध कबूल करतो तेव्हा, अपराध अपराध म्हणून पाहणं, तो रीतीने कबूल करणं आणि पुढे संयम ठेवणं याला बुद्ध आर्यांच्या विनयात, म्हणजे सज्जनांच्या शिस्तीत, वाढ म्हणतात. या तिन्ही गोष्टी समोरच्याच्या उत्तरावर अवलंबून नाहीत.

हे सगळं करताना झोप उडाली, दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवणावरची वासना गेली किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर ध्यान वाढवू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. शासनाची टेली-मानस हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. नैराश्य आणि अपराधाची जाणीव बाहेरून सारखीच दिसते, आणि नैराश्यात केलेली कबुलीची घाई दोघांनाही महाग पडते.

टीम लीड म्हणून एक गोष्ट आजच सुरू करता येईल. राहुलला सांगितलेली तपासणी तीन वेळची आहे : करण्याआधी, करत असताना आणि केल्यानंतर, 'यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते का?' सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात सर्वांनी वारंवार ऐकावीत म्हणून जी सात वचनं नेमून दिली, त्यात राहुलला खोटं बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. रिलीजच्या यादीत याला जागा करा : आधी 'हे कोणाच्या जिवावर उभं आहे?', चालू असताना 'तो एकटा आहे का?', आणि अहवालात पहिल्या ओळीत, काम कोणी केलं याच्याही आधी, निर्णय कोणाचा होता ते नाव. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे गृहस्थांसाठीच्या बुद्धांच्या उपदेशात, मालकाची पाच कर्तव्यं आहेत आणि त्यातलं पहिलंच, कुवतीप्रमाणे काम नेमून देणं, त्या शुक्रवारी मोडलं होतं. जेवण-वेतन, आजारपणात काळजी, चांगलंचुंगलं वाटून खाणं आणि वेळेवर सुटी, ही पुढची चार. तुमच्या टीममध्ये आज कंत्राटी माणसं किती आहेत आणि रात्रीचं काम कोणाच्या वाट्याला येतं, ते एकदा कागदावर मांडून बघा.

आणि या सदराच्या वाचकांत त्या मुलाच्या जागी असणारेही पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी : वरिष्ठांनी फोनवर काही गाळायला सांगितलं, तर काम सुरू करण्याआधी एक ओळ लिहून पाठवत जा. 'आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे चाचणी न करता स्क्रिप्ट चालवतो आहे, वेळ रात्री ११.४०.' यात उद्धटपणा नाही, हे खरं बोलणंच आहे, वेळेवर. जुन्या वरिष्ठाकडून कधी वर दिला तसा संदेश आला, तर लगेच उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. क्षमा करायची असेल तर करा, नसेल तर नका करू, आणि अहवालातली दुरुस्ती मात्र हक्काने मागा.